लहान घर आणि वास्तुविशारदाचा मेहनताना

गेल्या उन्हाळ्यांत वाशीमला आमच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. हे गृहस्थ जन्मभर जिल्ह्यांतील निरनिराळ्या शाळांतून शिक्षकाचें काम करून निवृत्त झाले, आणि आतां शहरालगतच्या एका ग्रामपंचायतीच्या हद्दींत घेतलेल्या भूखंडावर सातशें चौरस फुटांचें घर बांधण्याचा त्यांचा विचार चालला होता. आम्ही गेलों त्या दिवशीं त्यांच्या ओसरीवर एक तरुण वास्तुविशारद बसले होते व दोघांमध्यें मेहनतान्यासंबंधीं बोलणें चालू होतें. घराचा एकूण खर्च बारा लक्ष धरलेला. त्यावर शेंकडा पांच याप्रमाणें साठ हजार रुपये त्या तरुणानें सांगितले होते. नकाशे काढून देणारे गांवांतलेच दुसरे एक गृहस्थ मात्र पांच हजारांत नकाशा, सही आणि बँकेला लागणारा अंदाजपत्रकाचा कागद असें सर्व कांहीं दोन दिवसांत आणून द्यावयास तयार होते.

"साठ हजारांत टनभर लोखंड येतें, भाऊ," गुरुजी म्हणाले, "आणि घर तर शेवटीं मिस्त्रीच बांधणार ना!"

तो तरुण कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मीं तुमच्या घरावर किती वेळां यायचें, तेवढें सांगा. पैशाचें मग ठरवूं."

दोघांनींही आमच्याकडे पाहिलें. पाहुण्यानें पंच व्हावें ही आपल्याकडील जुनी रीत आहे, आणि पंचानें कांहींतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून न्यावी ही तितकीच जुनी. आम्हींही तेंच केलें. परंतु परतीच्या प्रवासांत व त्यानंतरही कित्येक दिवस तो प्रश्न मनांतून जाईना. लहान घराची रचना करणाऱ्यास किती द्यावें? वरवर पाहतां हा व्यवहाराचा, फार तर घासाघिशीचा प्रश्न दिसतो. आम्हांस मात्र तो नीतीचा वाटूं लागला आहे.

प्रथम शेंकडेवारीचाच विचार करूं. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानें आपल्या देशांत या धंद्यास कायद्याचें रूप दिलें व त्याची परिषद स्थापन झाली. या परिषदेनें नेमणुकीच्या अटी आणि मोबदल्याचे दर घालून दिले आहेत, आणि त्या दरांचा मुख्य आधार बांधकामाच्या खर्चावरील शेंकडेवारी हाच आहे. पद्धत सोयीची खरी. पण दोन कोटींचा बंगला आणि बारा लक्षांचें घर एकाच मापानें मोजलीं, तर शेंकडा पांचांनीं पहिल्याचा मेहनताना दहा लक्ष होतो व दुसऱ्याचा साठ हजार. म्हणजे जवळ जवळ सतरा पट. श्रम सतरा पट असतात काय? बंगल्याचाही पाया एकदांच खणावयाचा, लहान घराचाही एकदांच. जिना, स्वयंपाकघर, न्हाणी, पाण्याची टांकी, पावसाचें पाणी कोणीकडे काढावयाचें याचा विचार, हें सारें दोन्हीकडे आहे. उलट लहान घरांत जागा अपुरी, म्हणून एकेका वितीसाठीं डोकें अधिकच शिणवावें लागतें. तेव्हां गुरुजींना जे साठ हजार जड वाटतात तेच त्या तरुणाला पुरत नाहींत, आणि दोघेही खरें बोलत असतात.

शेंकडेवारींत आणखी एक गोष्ट अशी आहे कीं, वास्तुविशारदानें नीट विचार करून मालकाचे दोन लक्ष वांचविले तर त्याचे स्वतःचे दहा हजार बुडतात. वैद्याचा मोबदला औषधाच्या किंमतीवर ठरवावा, तशांतलाच हा प्रकार. या धंद्यांतील बहुसंख्य लोक असल्या मोहाला बळी पडतात असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. पण प्रामाणिक माणसालाच दंड करणारा नियम हा, त्याला न जुमानणारीं माणसें भेटतात एवढ्यावरून, चांगला ठरत नाहीं.

यावर उपाय म्हणून क्षेत्रफळावर दर ठरवावा असें पुष्कळांचें म्हणणें पडतें, व तालुक्याच्या गांवीं बहुधा चौरस फुटामागें अमुक रुपये हीच भाषा ऐकूं येते. ही कल्पना फार प्राचीन आहे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा इसवी सनापूर्वींच्या अठराव्या शतकांतील जो कायदा काळ्या दगडावर कोरलेला आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे, त्यांत घर बांधणाऱ्याला दर 'सार' क्षेत्रामागें दोन शेकेल चांदी द्यावी असें स्पष्ट कलम आहे. तेथें रचना करणारा व बांधणारा एकच होता. घराला खर्च किती आला याचा त्या कलमांत उल्लेखही नाहीं. परंतु आमचें लक्ष त्याच्या लगतच्या कलमांनीं अधिक वेधलें. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहान्त. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलास. मालमत्ता नासली तर भरपाई, व घर स्वखर्चानें पुन्हां उभारणें. आणि नुसती भिंत खचूं लागली तरी ती आपल्या पदरच्या चांदीनें मजबूत करून देणें. मुलाबद्दल मुलगा ही शिक्षा रानटी आहे, तिची वकिली आम्ही करीत नाहीं. पण मेहनताना आणि जबाबदारी यांचीं कलमें ज्यानें एका खालीं एक कोरविलीं त्याला जी गोष्ट दिसत होती, ती आमच्या दरपत्रकांतून नाहींशी झाली आहे. ते दोन शेकेल केवळ विटा रचण्याचे नव्हते. घर उभें राहील, या शब्दाचे होते.

आतां कोणी म्हणेल कीं, दर ठरविण्याचा हा खटाटोपच नको. ज्याला जें परवडेल तें त्यानें द्यावें व ज्याला जें पटेल तें त्यानें घ्यावें. पाश्चात्य देशांनीं अलीकडे हाच मार्ग धरला आहे. अमेरिकेंतील वास्तुविशारदांच्या संस्थेला १९७२ मध्यें सरकारच्या दाव्यापुढें सभासदांनीं मेहनतान्याच्या रकमेंत चढाओढ करण्यावरील आपली बंदी सोडून द्यावी लागली. इंग्लंडमध्यें तेथील राजमान्य संस्थेचे बंधनकारक दर १९८२ मध्यें गेले. जर्मनीनें आपले किमान व कमाल दर कायद्यानें राखून ठेविले होते. परंतु युरोपीय न्यायालयानें जुलै २०१९ मध्यें ते अवैध ठरविले, व २०२१ पासून तेथील दरपत्रक केवळ मार्गदर्शक उरलें. या निर्णयांमागील तर्क आम्हांस अगदींच अमान्य नाहीं. धंदेवाल्यांनीं एकत्र बसून स्वतःच्या मालाचा भाव ठरवावा आणि त्याला धंद्याची प्रतिष्ठा म्हणावें, हें गिऱ्हाइकाला कधींच रुचणार नाहीं.

पण जॉन रस्किननें १८६० साली जे चार निबंध लिहिले, आणि जे 'अन्टु धिस लास्ट' या पुस्तकाच्या रूपानें १९०४ मध्यें गांधीजींच्या हातीं आगगाडीच्या प्रवासांत पडून त्यांचें आयुष्य पालटून गेले, त्यांत याच्या उलट एक विचार आहे. रस्किन म्हणतो कीं, वैद्य निवडतांना आपण कोण स्वस्त आहे हें पाहत नाहीं. फी ठरलेली असते, आणि आपण माणूस निवडतों. मजुरांचेंही तसेंच असावें. दर एकच राहावा. चांगल्याला काम मिळावें, वाइटाला मिळूं नये. वाईट कारागिरानें अर्ध्या किंमतींत काम देऊं करून चांगल्याला एक तर बाहेर काढावें किंवा आपल्या भावाला खालीं खेंचावें, ही त्याच्या मतें खोटी आणि विघातक व्यवस्था होय. रस्किनचा हा विचार व्यापारी लोकांनीं त्या काळीं हंसण्यावारी नेला. वाशीमच्या ओसरीवर साठ हजार आणि पांच हजार हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ऐकल्यावर आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

बाजार चांगल्यावाइटाची पारख करतो हें खरें, पण केव्हां? तेंच गिऱ्हाइक पुन्हां पुन्हां येत असेल तेव्हां. भाजीवाल्यानें आज कुजकी वांगीं दिलीं तर उद्यां आपण दुसऱ्याकडे जातों. घर पाहावें बांधून असें आपण म्हणतों, पण सामान्य कुटुंब तें जन्मांत एकदांच पाहतें. पहिल्या अनुभवाचा उपयोग करावयाला दुसरी वेळ येत नाहीं. शिवाय या मालाचा दोष लगेच दिसत नाहीं, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यांत तो किती उशिरा दिसतो हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे.

वऱ्हाडची काळी जमीन कापसाची आणि सोयाबीनची माय आहे. घराची ती सावत्र आई. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला खोल भेगा पडतात. अशा मातींतच उथळ पाया थांबविला तर घर दर वर्षीं किंचित् वर उचललें जातें व किंचित् खालीं बसतें, आणि तेंही सगळीकडे सारखें नव्हे. दारें चौकटींत अडकूं लागतात. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा निघतात. फरशी मधोमध फुगते. गुरुजींच्या शेजारच्या घरांत अशी एक चीर आम्हीं पाहिली. तिच्यांत लहान मुलाचें बोट सहज जाईल, आणि खरोखरच त्या घरच्या मुलानें आम्हांस तें घालून दाखविलें. दोन वेळां छपाई करून बुजविलेली ती चीर तिसऱ्या उन्हाळ्यांत पुन्हां जागच्या जागीं उभी होती.

यावरचे उपाय कांहीं गुप्त नाहींत. मुरूम लागेपर्यंत खणावें, जोत्यांत काळ्या मातीऐवजीं मुरूम भरावा, जोत्याच्या पातळीवर सर्व भिंतींखालून सळयांची सलग तुळई न्यावी, छपराचें व न्हाणीचें पाणी पायाशीं मुरूं देऊं नये. माती फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें अशाच जमिनीसाठीं प्रचारांत आणलेले, तळाशीं कांद्यासारखे फुगीर असलेले, जमिनींत ओतलेले खांब आहेत. हें सारें पुस्तकांत आहे आणि चांगल्या मिस्त्रीलाही ठाऊक असतें. पण नकाशावर पायाची खोली चार फूट लिहिलेली असते आणि त्या विशिष्ट भूखंडाच्या त्या विशिष्ट कोपऱ्यांत मुरूम सात फुटांवर असतो. हें कळावयाचें तर कोणीतरी खड्ड्यांत उतरून पाहिलें पाहिजे, तो बुजण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे, आणि 'अजून खणा' असें म्हणण्याचा त्याला अधिकार असला पाहिजे. मिस्त्रीला ठेका उरकावयाचा असतो. खड्डा खोल गेला तर त्याचा दिवस जातो. मालकाला दर फुटाला वाढणारा खर्च दिसतो. 'अजून खणा' म्हणण्यांत ज्याचा तोटा नाहीं असा माणूस तेथें तिसराच लागतो, आणि आमच्या मतें वास्तुविशारदाचा मेहनताना म्हणून जी कांहीं रक्कम आहे ती मुख्यतः या तिसऱ्या माणसाच्या त्या ठिकाणीं उभें राहण्याची आहे.

तो तरुण सहा फेऱ्यांची गोष्ट कां काढीत होता हें आतां लक्षांत येईल. पांच हजारांत ज्या गोष्टी मिळणार होत्या त्यांत एकही फेरी नव्हती. त्यांत सही होती.

या सहीबद्दल स्पष्ट लिहिणें भाग आहे. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्रांत विकास नियंत्रणाची एकत्रित नियमावली आली. पाठोपाठ खेड्यापाड्यांत ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घरांना नगररचना खात्याचा उंबरठा झिजविण्याचें कारण उरलें नाहीं, आणि परवानाधारक तज्ज्ञाच्या दाखल्यावर ग्रामपंचायतीच्या पातळीवरच काम भागूं लागलें. ही सवलत चांगली आहे. पूर्वीं त्या उंबरठ्यावर काय चालत असे हें कोणास ठाऊक नाहीं? पण सरकारनें जें पाहणें सोडून दिलें तें सही करणारा पाहील, असें यांत गृहीत आहे. तो पाहत नसेल तर कोणीच पाहत नाहीं. मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असाही निर्वाळा दिला आहे कीं, १९७२ च्या अधिनियमानें 'वास्तुविशारद' ही पदवी राखून ठेविली आहे, तें काम नव्हे. नोंदणी नसलेल्यानें ती पदवी लावूं नये, पण घराची आखणी करण्यास त्याला त्या कायद्याची आडकाठी नाहीं. तेव्हां कायदा या प्रश्नांत गुरुजींना फारशी मदत करील असें दिसत नाहीं.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेंतील हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें, हें तेथील शिलालेखांत नमूद आहे. त्याची आखणी कोणी केली, तें नाहीं. शहरांतील बालाजीचें देऊळ भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळू यांनीं बांधविलें हें गांवांतील लहान मूलही सांगेल. देवळाची रचना बसविणाऱ्याचें नांव विचारा, म्हणजे तें गप्प बसेल. पूर्वीं काम असे आणि नांव नसे. हल्लीं कागदावर नांव असतें.

सही विकणाऱ्यावर सगळा दोष ढकलून मोकळें होणेंही आम्हांस बरें वाटत नाहीं. ज्यानें पांच हजार देऊन सही घेतली त्यानेंही ती पाहण्याची जबाबदारी वगळूनच घेतली, आणि तें त्याला ठाऊक असतें. आपण सुशिक्षित लोक या बाबतींत विशेष निर्दोष नाहीं. फरशीच्या रंगावर जितकी चर्चा आपल्या घरांत होते तितकी पायाच्या खड्ड्यावर होते काय? जें डोळ्यांना दिसतें त्यावर खर्च करावयाचा आणि जें मातींत गाडलें जाणार त्यावर घासाघीस करावयाची, अशी आपली वृत्ति असतां स्वस्त सहीला गिऱ्हाईक मिळणारच.

पण बारा लक्षांतील साठ हजार हे गुरुजींना खरोखरच जड आहेत, हा मुद्दा राहतोच. ज्या समाजांत दर ठरलेला असतो त्यांतही गरिबाचें काय करावयाचें हा प्रश्न सुटत नाहीं. हम्मुराबीनें वैद्याच्या बाबतींत हा प्रश्न रोग्याच्या दर्जाप्रमाणें सोडविला होता: शस्त्रक्रियेबद्दल वरच्या वर्गाच्या माणसानें दहा शेकेल, सामान्य माणसानें पांच, आणि दासासाठीं त्याच्या धन्यानें दोन. आपल्याकडील चांगले डॉक्टरही कायद्यावांचून तेंच करीत आले आहेत. श्रीमंताकडून पुरते घेतात व गरिबाच्या वेळीं दुसरीकडे पाहतात. वास्तुविशारदांनींही तसें करावें, असें म्हणणें सोपें आहे. पण रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीर येथें नव्यानें पाटी लावणाऱ्या तरुणाकडे दोन कोटींचे बंगले येतात कोठें? तीं कामें नागपूर-पुण्याकडे. ज्याच्याकडे केवळ लहान घरेंच येतात त्यानें कोणाकडून जास्त घेऊन कोणाला सूट द्यावी?

आमच्या जुन्या गांवगाड्याकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत बलुतेदारीचें जें वर्णन आहे तें कांहीं गौरवपर नाहीं. त्या व्यवस्थेंतील जुलूम, आळस आणि जातीचा फास हे त्यांनीं झांकलेले नाहींत, आणि ती व्यवस्था परत यावी असें शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु सुताराला कामागणिक पैसे न देतां गांवानें वर्षाचें धान्य द्यावयाचें यांत एक तत्त्व होतें. नांगर मोडलेला शेतकरी लहान कीं मोठा हें पाहून सुतारानें यावें कीं न यावें असा प्रश्न उद्भवत नसे. कौटिल्यानेंही, कारागीर, वैद्य वगैरेंचें वेतन आधीं ठरलेलें नसेल तर इतरत्र तशाच कामाला जें मिळतें तें, किंवा जाणकार ठरवितील तें द्यावें असें सांगितलें आहे. मालक नव्हे, कारागीरही नव्हे, जाणकार.

म्हणून आमचें मत असें झालें आहे कीं, लहान घराचा मेहनताना खर्चावर किंवा चौरस फुटावर न ठरतां फेऱ्यांवर ठरावा. पायाचा खड्डा उघडा असतां एक, जोतें बांधतांना एक, दारांखिडक्यांवरील पट्टा ओतण्यापूर्वीं एक, स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर एक. नकाशाचे पैसे वेगळे. फेरी झाली कीं त्याच दिवशीं पैसे. आणि ज्या घरांना सरकारी पैसा मिळतो त्यांच्या फेऱ्यांचा खर्च सरकारनें सोसावा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागांत २०१६ पासून सुरू झाली. सपाट प्रदेशांत घराला १ लक्ष २० हजार रुपये व किमान २५ चौरस मीटर जागा असें तिचें माप ठरलें. त्या रकमेंतून रचनाकाराला कांहीं द्यावें असें म्हणणें म्हणजे क्रूर थट्टाच होईल. तेथें हप्ता सोडण्यापूर्वीं घराचें छायाचित्र जागेच्या नोंदीसह काढतात. भिंत उभी राहिली एवढें छायाचित्राला दिसतें. भिंतीखालीं काय आहे तें दिसत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत सुमारें आठ हजार माणसें मेलीं, तीं बहुतेक मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं सांपडून. त्या भिंती कोणीतरी मोठ्या कष्टानें व हौसेनेंच बांधल्या होत्या. फक्त, दगड एकमेकांत गुंतविलेले नाहींत आणि भिंतींना बांधणारा पट्टा नाहीं, हें सांगावयाला तिकडे कोणी फिरकलें नव्हतें.

यावर एक आक्षेप बळकट आहे. सरकारनें नेमलेला माणूस खड्ड्यांत उतरेल कशावरून? तोही कचेरींत बसून फेरी लिहील, आणि पांच हजारांच्या सहीऐवजीं फुकटची सही मिळेल एवढाच फरक पडेल. जुन्या ओव्हरसियरांच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना हा आक्षेप पटल्यावांचून राहणार नाहीं, व आमच्यापाशीं त्याला पुरें उत्तर नाहीं. फेरीच्या नोंदीवर घरमालकाचीही सही असावी, आणि ती झाल्यावांचून पैसे मिळूं नयेत, एवढें तरी करतां येईल. गुरुजींनीं हें ऐकून मान हलविली व म्हणाले कीं, बायामाणसांची सही कशी घेतात तें आपण जन्मभर पाहिलें आहे.

त्या घराचें पुढें असें झालें. गुरुजी आणि तो तरुण यांनीं आमच्या गुळमुळीत बोलण्याची वाट न पाहतां आपसांत तोड काढली: नकाशाचे दहा हजार, आणि चार फेऱ्या प्रत्येकीं तीन हजारांच्या, रोख. पहिल्या फेरींत मागच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागला नव्हता म्हणून आणखी अडीच फूट खणावें लागलें. मिस्त्री दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. स्लॅबच्या वेळेपर्यंत रेतीचा आणि लोखंडाचा भाव चढून गुरुजींची शिल्लक संपली होती. त्यांनीं तरुणाला निरोप पाठविला कीं, या खेपेला येऊं नकोस, मिस्त्री बघून घेईल. तरी तो आला. छज्जाच्या सळया खालच्या अंगाला घातल्या होत्या, त्या त्यानें सोडवून वरच्या अंगाला बांधून घेतल्या आणि त्या फेरीचे पैसे घेतले नाहींत. त्यानें हें चांगलें केलें असें गुरुजी म्हणतात. आम्हांस तितकी खात्री वाटत नाहीं. निदान पुढच्या गिऱ्हाइकाला गुरुजी ही चौथी फेरी फुकटची म्हणूनच सांगतील अशी आम्हांस भीति आहे, आणि यावर आमचा त्यांच्याशीं पत्रव्यवहार अजून चालू आहे.